गाण्याला पास कशाला?

भात कापून होते. खळे सरते. मग आपल्या पाड्यांवर तारपा घुमू लागतो. तारपेवाला मध्ये उभा राहतो आणि त्याच्याभोवती बाया-बापे फेर धरतात. आगरहून डोंगराकडे जा, नाहीतर तलासरीकडे जा, हेच दिसेल. परगावचा पाहुणा आला तर तोही फेरात शिरतो. 'तुझा पास कुठे?' असे त्याला कोणी विचारत नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक दादा येतात. ते पूर्वी पावसाळा संपला की मुंबईला इमारतीच्या कामावर जात. एके दिवशी वर्ग सुटताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती त्यांच्याच शब्दांत देतो.

"गुरुजी, सांजचा मी कामावरून येत होतो. एका मैदानात मांडव घातला होता. आतून गाणं येत होतं. शब्द कळंनात, पण पाय हलंना. फाटकाशी उभा राहिलो. तर तिथला पहारेकरी म्हणतो, ए, पास आहे का? मी म्हटलं, पास कसला? तो म्हणाला, पास नाही तर पुढं चल. मी गेलो पुढं. पण मला सांगा गुरुजी, गाण्याला पास कशाला?"

वर्गातले सगळे हसले. दादा मात्र हसले नाहीत. पुढे म्हणाले, "तेव्हाच ठरवलं, हे गाणं आपलं नाही. साहेब लोकांचं आहे."

त्या रात्री मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून हा पाठ लिहिला आहे.

आधी पासाबद्दल बोलू. मांडवाला पैसे पडतात. कर्णे, दिवे, सतरंज्या यांना पैसे पडतात. गाणाऱ्याला, तबलजीला, पेटीवाल्याला घर असते, पोरेबाळे असतात. तिकीट लावणारा काही चोर नव्हे. उलट एक गंमत पाहा. शंभर-सव्वाशे वर्षांमागे मोठे गवई राजांच्या आणि संस्थानिकांच्या पदरी असत. गाणे वाड्यात होई. राजाने बोलावले तरच आत जाता येई. विष्णु दिगंबर पलुसकर नावाचे गवई होऊन गेले. त्यांना राजाच्या मर्जीवर जगणे पटेना. त्यांनी गाणे वाड्याबाहेर आणले, तिकीट लावून लोकांपुढे गायले. 1901 साली लाहोरला त्यांनी गाण्याची शाळा काढली. म्हणजे तिकिटाने एके काळी दार उघडले होते. गाठीला पैसा असला की कोणीही आत जावे. आता ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याला तेच तिकीट आडवे येते.

पण दार नसलेलीही गाण्याची सभा असते. ती मुंबईत नाही. तिच्यासाठी मिरजेला जावे लागते.

मिरज हे सांगली जिल्ह्यातले जुने शहर आहे. तिथे ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. दर्गा म्हणजे मुसलमान साधुपुरुषाची समाधी. दरवर्षी तिथे उरूस भरतो. आपली डहाणूची महालक्ष्मीची जत्रा असते ना, तसाच. खेळणी येतात, पाळणे येतात, मिठाईची दुकाने लागतात. समाधीवर चादर चढवतात, तिला गलेफ म्हणतात. या उरसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मान आहे. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांची चादर इथे मानाची! हे वाचून आपल्यातल्या पुष्कळांना बरे वाटेल. मला तर फार वाटले.

उरसाचा दिवस चंद्राच्या महिन्यावर धरतात. त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. जायचे झाले तर आधी चौकशी करावी.

याच उरसात दर्ग्याच्या आवारात गाण्याची सभा होते. छप्पर नाही, भिंत नाही, तिकीट नाही. जमिनीवर बसायचे. आवारातल्या चिंचेच्या झाडाची फार ख्याती आहे. त्या झाडाखाली बसून एक थोर गवई गात असे. त्यांचे नाव अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म 1872 साली उत्तर प्रदेशातल्या कैराना गावी झाला. या गावालाच किराना असेही म्हणतात. (वाण्याच्या किराणा दुकानाशी याचा काही संबंध नाही, बरे का.) ज्या पद्धतीने गाणे पिढ्यान्पिढ्या शिकवले जाते त्या पद्धतीला घराणे म्हणतात. खाँसाहेबांचे घराणे गावावरून किराना घराणे झाले. एका गावाचे नाव देशभर गाण्यामुळे कळले.

खाँसाहेब बडोद्याला आले, मुंबईला आले आणि शेवटी मिरजेला राहिले. मिरजेला ते फार आजारी होते, दर्ग्यात येऊन गायले, आणि बरे झाले, असे लोक सांगतात. खरेखोटे आता कोण तपासणार? पण त्यांची त्या जागेवर श्रद्धा बसली एवढे खरे. त्यांनी 1913 साली पुण्याला गाण्याची शाळा काढली. त्यांनी एका कुत्र्यालासुद्धा सुरात गायला शिकवले होते, असेही सांगतात. माणसे शिकतात तिथे कुत्रा का शिकणार नाही!

1937 सालच्या ऑक्टोबर महिन्यात ते मद्रासकडे गाण्याच्या दौऱ्यावर होते. आगगाडीने पाँडिचेरीला निघाले. वाटेत छातीत कळ आली. सिंगपेरुमलकोइल नावाच्या लहान स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले. नमाज पढले, ईश्वराचे नाव सुरात घेतले, आणि तिथेच त्यांनी प्राण सोडला. तो दिवस 27 ऑक्टोबरचा. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारातच मूठमाती दिली. तेव्हापासून उरसात त्यांच्या आठवणीची सभा होऊ लागली. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर इथे गायल्या. गंगूबाई हनगल गायल्या. भीमसेन जोशी गायले. इथे गाणे म्हणजे बिदागी मिळवणे नव्हे. गवई म्हणतात, आम्ही हजेरी लावायला आलो.

भीमसेन जोशींचे नाव आले, तर त्यांची एक हकिकत सांगतो. आमच्या दादांनी ती मुद्दाम वाचावी. भीमसेन गदगचे, मास्तरांचा मुलगा. जन्म 1922 चा. लहानपणी एका दुकानात त्यांनी तबकडीवर अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे ऐकले. तबकडी विकत घ्यायला पैसे कुठून असणार? दुकानापुढे उभे राहून ऐकले. 1933 साली, अकरा वर्षांचे असताना, गुरू शोधायला घरातून पळाले. आगगाडीत तिकीट नसे. तिकीट तपासनीस आला की गाणे म्हणून दाखवीत. कोणी सोडून देई, कोणी खाली उतरवी. असे करत पोरगे उत्तरेत फार लांबवर हिंडले. शेवटी गुरू सापडला तो घराजवळच, कुंदगोळला. ते सवाई गंधर्व, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य. पुढे 2008 साली भीमसेनांना भारतरत्न जाहीर झाले. आपण बिनतिकिटाचा प्रवास करू नये हे खरे. पण दुकानापुढे फुकट गाणे ऐकत उभ्या राहिलेल्या त्या पोराला कोणी 'पुढं चल' म्हटले असते तर?

आता मोठी अडचण. फुकट बसायला मिळाले, पण कळायचे काय? दादा म्हणाले होते, "शब्द कळंनात." शब्दांची काळजी सोडा. ख्याल नावाच्या या गाण्यात दोन-चार ओळीच असतात. त्याच पुन्हापुन्हा येतात. आपण शब्द ऐकायला बसलेलो नसतो, सूर ऐकायला बसलेलो असतो.

सूर मुळात सात. सा, रे, ग, म, प, ध, नी. यांतले काही घ्यायचे, काही सोडायचे. सा रे ग प ध हे पाचच घ्या. त्यांतून भूप नावाचा राग होतो. पण नुसते सूर निवडून राग होत नाही. याच पाच सुरांतून देशकार नावाचा दुसरा रागही होतो. तांदूळ तेच, पण कोणी भात शिजवते, कोणी भाकरी थापते. चव वेगळी येते ना? कोणत्या सुरावर थांबायचे, कुठून वळायचे, यावर राग ठरतो. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देशकार सकाळी.

रागाला वेळ ठरलेली असते. संध्याकाळचा यमन, मध्यरात्रीचा मालकंस, पहाटेचा भैरव. शेवटी भैरवी झाली की समजायचे, गाणे संपले. पूर्वी अशा सभा रात्रभर चालत. पुण्याला सवाई गंधर्वांच्या नावाने 1953 पासून मोठा महोत्सव होतो, तोही पूर्वी रात्रभर चाले. 2000 साली आवाजाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावर कर्णे लावायला मनाई झाली. वर्षातले थोडेच दिवस बारापर्यंत सूट मिळते. आजारी माणसाला, परीक्षेच्या मुलाला झोप हवी, म्हणून नियम बरा आहे. पण मध्यरात्रीचे राग उघड्या आभाळाखाली ऐकायला मिळेनासे झाले, हेही तितकेच खरे.

किराना घराण्याचे गाणे सुरुवातीला फार सावकाश असते. एकेक सूर घेऊन गवई त्याच्यापाशी रेंगाळतो. नवख्याला वाटते, हा पुढे का जात नाही? आपण विहिरीत पोहरा सोडतो तेव्हा घाई करतो का? दोर हळूहळू सोडतो, पोहरा बुडू देतो, मग ओढतो. तसेच हे आहे. पहिली पंधरा-वीस मिनिटे कंटाळा आला तरी उठू नये. मी पहिल्यांदा उठलो होतो. बाहेर चहा प्यायला गेलो, आणि परत आलो तर सगळे आवार 'वाहवा' म्हणत होते. कशाला म्हणाले ते मला आजवर कळले नाही.

पुढे गाणे जलद होते. मग तबल्याकडे कान द्या. बहुधा तीनताल असतो. त्यात सोळा मात्रा. बोटांवर मोजा. एकला टाळी, पाचला टाळी, नऊला हात नुसता बाजूला करायचा, तेराला टाळी. सोळा झाले की पुन्हा एक. या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. गवई कितीही लांब भटकून आला तरी समेवर बरोबर येऊन पडतो. आणि तो आला की सगळ्यांच्या माना आपोआप हलतात. तारप्याच्या फेरात सगळ्यांचे पाऊल एकदम पडते, तेव्हा कसे वाटते? ज्याने तो फेर धरला आहे त्याला सम शिकवावी लागत नाही. हे मी अंदाजाने सांगत नाही. आमच्या वर्गात मोबाइलवर गाणे लावून पाहिले. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला वर्गातल्या बाया समेवर मान हलवू लागल्या. मी अजून बोटे मोजत होतो!

आता मागे बसलेल्या वाद्याकडे पाहा. गवयाच्या पाठीशी एक-दोन माणसे उंच दांड्याचे वाद्य उभे धरून बसतात. नुसत्या तारा छेडत राहतात. ते तानपुरा, कोणी तंबोरा म्हणतात. त्याला चार तारा. तो गाणे वाजवत नाही, गाण्याला जमीन धरून देतो. त्या गुंजारवात गवई आपला सा ठरवतो. आणि तो गुंजारव निघतो कशातून? भोपळ्यातून.

होय, भोपळ्यातून. आपला तारपा कशाचा? दुधी भोपळा वाळवायचा, आत बांबूच्या नळ्या बसवायच्या, फटी मेणाने बुजवायच्या, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा लावायचा. आपले भगत कणसरीची कथा सांगताना घांगळी वाजवतात. तिच्याही दांडीला भोपळे. मोठ्या गवयांच्या घरी बीन नावाचे जुने वाद्य असते, तेही तसेच, लांब दांडी आणि खाली दोन मोठे भोपळे. ज्याने घांगळी पाहिली त्याला बीन ओळखायला शिकवावे लागणार नाही. हे मला कोणी पुस्तकात दाखवले नव्हते. मिरजेला बीन पाहिली तेव्हा घांगळी आठवली.

मिरजेत तानपुरे आणि सतारी करणाऱ्यांची घरेच्या घरे आहेत. हे लोक मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारे करणारे, त्यांना धार लावणारे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांमागे तलवारींचा उपयोग सरला. पोटाचे काय? मिरजेचे राजे पटवर्धन गाण्याचे शौकीन होते. त्यांच्याकडे गवई येत, त्यांची वाद्ये मोडत, ती दुरुस्त करायला माणूस हवा होता. फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने ते काम शिकून घेतले. दुरुस्ती करता करता नवे वाद्य घडवू लागले. ज्या हातांनी तलवारीला धार दिली, त्याच हातांनी तार जुळवली. आज त्यांच्या पुढच्या पिढ्या हेच करतात.

एका कारागिराच्या दुकानात मी अर्धा दिवस बसलो. भोपळा पंढरपूरच्या बाजूने, भीमाकाठच्या शेतांतून येतो. तो भाजीचा नव्हे, कडू असतो. घागरीहून मोठा होतो. वेलावर पिकू देतात, मग वाळवतात. कारागीर तो पाण्यात भिजत घालतो, म्हणजे कापताना फुटत नाही. वरची बाजू कापतो, आतला गर आणि बिया खरवडून काढतो. दांडा तून नावाच्या लाकडाचा करतात. ते हलके असते आणि त्याला घुमारा असतो. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची झाकण बसवतात, तिला तबली म्हणतात. तबलीवर घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. घोडी आणि तार यांच्यामध्ये कारागीर सुताचा धागा सरकवतो. साधा शिवणाचा धागा! तो केसभर इकडेतिकडे केला की तार झणझणून बोलू लागते. याला जवारी म्हणतात. मी विचारले, "धागा नेमका कुठं थांबवायचा ते कसं कळतं?" कारागीर म्हणाला, "कान सांगतो."

त्याची तक्रारही ऐकली. आता विजेवर चालणारी तानपुऱ्याची पेटी मिळते. मोबाइलमध्येही तानपुरा आला आहे. गावोगाव हिंडणाऱ्या गवयाला ते सोपे पडते, त्याला नावे ठेवू नयेत. पण दांड्याला महिनाभर हात लावणाऱ्याचे काम कमी होते. भोपळाही शेतकऱ्याला परवडला तरच लावणार. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडे केलेल्या वाद्याला कोणी 'मिरजेचे' म्हणून विकू नये. आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूलाही असेच मानांकन आहे. कारागीर म्हणाला, "कागद आला ते चांगलं झालं. आता गिऱ्हाईक यावं."

मिरजेला जायचे तर असे जावे. डहाणू रोडहून लोकल धरा. विरारला बदलून दादरला उतरा. तिथून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस निघते, ती सकाळी मिरजेला पोचवते. इतके लांब जाणे नसेल जमत, तर मुंबईत फेब्रुवारी महिन्यात काळा घोडा भागात कलामहोत्सव भरतो. तो 1999 साली सुरू झाला. तिथे उघड्यावर गाणे-नाच होतात आणि तिकीट नसते. आपल्याच लोकलच्या शेवटच्या स्टेशनावर, चर्चगेटला उतरून चालत जाता येते. गर्दी फार असते, लहान मुलांचे हात सोडू नयेत. गाण्याशिवाय इतर पुष्कळ गोंगाट असतो, त्यामुळे मिरजेसारखी शांतता मिळणार नाही. पण फाटकावर पास मागणार नाहीत.

हा पाठ मी वर्गात वाचून दाखवला. दादा मान खाली घालून ऐकत होते. बाकीचे मिरजेच्या गाडीचे भाडे विचारू लागले. एका मावशींनी विचारले, "बायांना बसू देतात का?" मी म्हटले, "मावशी, तिथं हिराबाई गायल्या, गंगूबाई गायल्या. ऐकणाऱ्या बायांना कोण अडवील?"

मग दादांनी विचारले, "गुरुजी, त्या भोपळ्याच्या आतल्या बिया ते फेकून देतात काय?"

मी म्हटले, "कारागिराच्या दुकानात कोपऱ्यात ढीग पडला होता खरा."

"चार आणायच्या होत्या," दादा म्हणाले. "विहिरीच्या कडेला लावून पाहिल्या असत्या."

ते मला सुचले नव्हते. मी मिरजेच्या कारागिराला पोस्टकार्ड टाकायचे ठरवले. पण दादा म्हणाले, "तुम्ही नका लिहू. मी लिहितो." मी कार्ड त्यांच्या पुढे ठेवले. मजकूर लिहायला त्यांना पाऊण तास लागला.